भुकेला गप्प करणारं इंजेक्शन

‘मेव्हण्याचं पेन उरलंय. त्यातलं थोडं टोचून बघू का?’

पेन म्हणजे वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचं, पेनसारखं दिसणारं उपकरण. गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला तिघांनी विचारला. मेव्हण्याच्या जागी एकदा नणंद होती आणि एकदा जिममधला ट्रेनर, एवढाच काय तो फरक. विचारणारे तिघंही शिकलेले, तिघंही एरवी साध्या पॅरासिटामॉलची एक्सपायरी दोनदा वाचणारे. या एका औषधाच्या बाबतीत मात्र त्यांचा सूर कोणी नवा फेसपॅक वापरून बघावा तसा होता.

त्याला कारणही आहे. मार्च २०२५मध्ये माउंजारो भारतात आलं आणि जूनमध्ये वेगोवी. ‘पोटात टोचायचं ते वजनाचं इंजेक्शन’ तोवर परदेशी नट्यांच्या बातम्यांत होतं, ते आता आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या फ्रीजमध्ये आलं. सुरुवातीला माउंजारोची ५ मिलिग्रॅमची एक कुपी ४,३७५ रुपयांना होती. आठवड्याला एक म्हणजे महिन्याचे साडेसतरा हजार. ही किंमतच एक प्रकारचं कुंपण होती. मार्च २०२६मध्ये वेगोवीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या पेटंटची भारतातली मुदत संपली, देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि ते कुंपण खचायला लागलं. औषध स्वस्त होणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण महाग असताना माणूस डॉक्टरांची फीसुद्धा मोजतो, स्वस्त झालं की पहिली काटछाट तिथेच होते.

आधी नावांचा गुंता सोडवू

डब्यांवर नावं बरीच दिसतील, पण सध्या मुख्य औषधं दोनच आहेत. एक सेमाग्लुटाइड. वेगोवी, ओझेम्पिक आणि रायबेल्सस ही गोळी, या सगळ्यांत तेच असतं. दुसरं टिर्झेपटाइड, म्हणजे माउंजारो. दोन्ही मुळात मधुमेहासाठी शोधली गेली. वजन उतरतं हे रुग्णांमध्ये आणि अभ्यासांमध्ये दिसत गेलं, मग त्या कामासाठी वेगळे अभ्यास झाले.

आता ती काम कशी करतात ते पाहू. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं एक संप्रेरक रक्तात सुटतं. संप्रेरक म्हणजे शरीरातला निरोप्या. हा निरोप्या मेंदूला सांगतो, ‘पुरे, माल पोचला.’ स्वादुपिंडाला सांगतो, ‘साखर येतेय, इन्सुलिन सोड.’ आणि जठराला सांगतो, ‘जरा सावकाश, खाली गर्दी आहे.’ अडचण अशी, की हा निरोप्या फार अल्पायुषी. रक्तातलं एक एन्झाइम त्याला दोनेक मिनिटांत निम्मा संपवतं.

या औषधांनी केलं काय, तर त्याच निरोप्याची एक चिवट नक्कल तयार केली. सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, टिर्झेपटाइडला पाच दिवस. म्हणजे जेवणानंतर क्षणभर डोकावून जाणारा माणूस आता आठवडाभर ओसरीवर ठाण मांडून बसतो आणि येता-जाता ‘पोट भरलंय, पोट भरलंय’ म्हणत राहतो. टिर्झेपटाइड सोबत जीआयपी नावाच्या आणखी एका निरोप्याचीही नक्कल करतं.

या शोधाच्या गोष्टीत एक सरडाही आहे, तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. अमेरिकेतल्या वाळवंटात हीला मॉन्स्टर नावाचा विषारी, सुस्त प्राणी असतो. त्याच्या लाळेत जॉन एंग या संशोधकाला १९९२च्या सुमारास जीएलपी-१सारखंच वागणारं, पण लवकर न विरघळणारं एक रसायन सापडलं. त्यावरून बनलेलं मधुमेहाचं इंजेक्शन २००५मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. आजची औषधं त्या लाळेतून येत नाहीत, पण निरोप्याला दीर्घायुषी करता येतं, हे त्या सरड्याने दाखवून दिलं.

घेणाऱ्यांना नेमकं काय जाणवतं? बहुतेक जण ‘भूक मेली’ असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, डोक्यातली कुणकुण थांबली. चार वाजले की फरसाणाच्या डब्याकडे जाणारं मन, जेवण झाल्यावर ‘काहीतरी गोड’ शोधणारी जीभ, लग्नात दुसऱ्या वाढपाची वाट पाहणारे डोळे, हे सगळं गप्प होतं. ज्यांना ही कुणकुण कधी ऐकूच येत नाही त्यांना यातली सुटका कळणार नाही. आणि तेच लोक बहुधा ‘तोंडावर ताबा ठेवा’ असा सल्ला देत असतात.

भूक मारणाऱ्या जुन्या गोळ्यांचं काय झालं होतं?

घरातल्या वडीलधाऱ्यांना या औषधांची धास्ती वाटते ती उगाच नाही. भूक मारणाऱ्या औषधांचा इतिहास वाईटच आहे. अॅम्फेटामाइनच्या जातीच्या गोळ्या मेंदूला चाबूक मारून भूक दडपायच्या, त्यासोबत झोप उडायची, हृदयाचे ठोके वाढायचे, सवय लागायची. फेनफ्लुरामाइन हृदयाच्या झडपा खराब करतं असं दिसल्यावर १९९७मध्ये अमेरिकेत मागे घेतलं गेलं. सिब्युट्रामाइनमुळे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो हे कळल्यावर २०१०मध्ये ते युरोप-अमेरिकेतून गेलं आणि २०११मध्ये भारतातही त्यावर बंदी आली.

नव्या औषधांची वाट वेगळी आहे, ती चाबूक मारत नाहीत. उलट, ज्यांना आधीच हृदयविकार होता आणि वजन जास्त होतं, पण मधुमेह नव्हता, अशा १७,६०४ लोकांवर सेमाग्लुटाइडचा मोठा अभ्यास झाला. २०२३मध्ये त्याचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण औषध घेणाऱ्यांत २० टक्क्यांनी कमी होतं.

पण बंदी आली म्हणून सिब्युट्रामाइन जगातून गेलेलं नाही. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या चूर्णांत आणि कॅप्सुलांत ते चोरून मिसळलेलं असल्याचे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार दिले आहेत. इंजेक्शनला घाबरून कोणी इन्स्टाग्रामवरची हर्बल पुडी मागवत असेल, तर ते भुताला भिऊन विहिरीत उडी मारण्यासारखं आहे.

किलो किती उतरतात?

सेमाग्लुटाइडचा २०२१मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास १,९६१ जणांवर झाला. ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के घटलं. ज्यांना नुसतं पाणी टोचल्यासारखं खोटं औषध दिलं होतं त्यांचं २.४ टक्के. टिर्झेपटाइडच्या २०२२च्या अभ्यासात सर्वांत मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के.

९० किलोच्या माणसाला १५ टक्के म्हणजे साडेतेरा किलो. पण ‘सरासरी’ हा शब्द दोनदा वाचा. कोणाचं २५ टक्के उतरतं, कोणाचं जेमतेम ४. शिवाय हे आकडे सव्वा वर्षाहून जास्त काळाचे आहेत, आणि या सगळ्यांना औषधासोबत आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शनही चालू होतं. ‘महिन्यात १० किलो’ अशी जाहिरात करणारा माणूस यांतलं काहीच सांगत नाही.

हे कोणासाठी आहे?

उंचीच्या मानाने वजन किती, याचं एक माप असतं, बीएमआय. ते ३० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा २७च्या वर असून सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असं काही असेल, तर वजनासाठी हे औषध देता येतं. उंची पाच फूट तीन इंच असेल तर बीएमआय ३० म्हणजे साधारण ७७ किलो आणि २७ म्हणजे ६९.

इथे आपल्याकडची एक अडचण येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘सडपातळ पण चरबीदार’ भारतीयाची कल्पना जगापुढे मांडली. २००४मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! काट्यावर जोडीला जोड, आतून दोन वेगळी शरीरं. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २५च्या पुढे लठ्ठपणा धरावा असं आपले डॉक्टर मानतात, आणि कमरेचं माप घ्यायला सांगतात.

यावरून काही जण लगेच म्हणतात, ‘मग माझं २६ आहे, मीही घेतो.’ उलटंही बघा ना. आपल्याकडे चरबी जास्त असते त्याची दुसरी बाजू म्हणजे स्नायू कमी असतात. भूक मारून वजन उतरवताना तेच आधी जपावे लागतात. त्यावर पुढे येतोच.

आणि लग्नाआधी पाच किलो उतरवायचे असतील, तर हे औषध त्यासाठी नाही. ते कितीही हळू आवाजात विचारलं तरी उत्तर तेच राहतं.

डॉक्टरांसमोर काय काय सांगायचं?

मधुमेहतज्ज्ञ, एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचे डॉक्टर) किंवा चांगल्या फिजिशियनकडे जा, आणि चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. ‘ती एक पांढरी छोटी गोळी’ यावरून कोणालाही काही कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाची असते ती साखरेची गोळी. ग्लिमेपिराइड आपल्याकडे घरोघरी आहे. ती, किंवा इन्सुलिन, चालू असताना भूक मारणारं इंजेक्शन सुरू झालं की जेवण निम्मं होतं, पण गोळी मात्र पूर्ण जेवणाच्या हिशोबाने साखर पाडत राहते. मग घाम, थरथर, भोवळ. त्यात एकादशी आली, नवरात्र आलं, रमजान आला, तर आणखी जोखीम. अशा वेळी जुन्या गोळीचा डोस बहुतेकदा कमी करावा लागतो, आणि तो किती, ते डॉक्टर ठरवतात. मधुमेह जुना असेल तर डोळ्यांचा पडदाही आधी तपासून घ्या. साखर झपाट्याने खाली आली तर आधीपासून असलेला पडद्याचा त्रास वाढू शकतो.

मग थायरॉइड. यावर इतका गोंधळ आहे की थोडं थांबायला हवं. उंदरांना ही औषधं दिल्यावर त्यांच्यात थायरॉइडच्या एका प्रकारच्या पेशींच्या गाठी दिसल्या. माणसात तसं होतं असं सिद्ध झालेलं नाही, पण खबरदारी म्हणून ज्यांना स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला ‘मेड्युलरी’ प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झालाय, त्यांना हे औषध देत नाहीत. हा कर्करोग दुर्मीळ आहे. तुम्ही सकाळी घेता ती थायरॉइडची गोळी वेगळ्या आजाराची असते, थायरॉइड मंदावण्याची. ती चालू असली म्हणून इंजेक्शन बंद, असं नाही. फक्त वजन बरंच उतरलं की तिचा डोस पुन्हा तपासावा लागतो.

स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, किडनीचा काही त्रास आहे का, हेही सांगा. आणि खाण्याशी तुमचं भांडण असेल, म्हणजे उपाशी राहणं, मुद्दाम उलट्या काढणं, असं कधीकाळी केलं असेल, तर ते लाजून लपवू नका. अशा माणसाच्या हाती भूक बंद करणारं बटण देणं धोक्याचं असू शकतं.

बायकांसाठी दोन गोष्टी. गरोदरपणात हे औषध चालत नाही. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी आणि टिर्झेपटाइड निदान एक महिना आधी बंद करायचं असतं. दुसरं म्हणजे, टिर्झेपटाइडमुळे पोटातून घेतलेली गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाईलच असं नाही. ते सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे कंडोमसारखं दुसरं साधन वापरावं लागतं. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास असलेल्या मुलींचं वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यताही वाढते. ‘मला कुठे राहतात’ असा ज्यांचा समज पक्का झालाय त्यांनी तर हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

डोस हा जिना आहे

वेगोवीचा पहिला डोस ०.२५ मिलिग्रॅम. चार आठवड्यांनी ०.५, मग १, मग १.७, शेवटी २.४. वरच्या पायरीवर पोचायलाच चार महिने लागतात. माउंजारो २.५पासून सुरू होतं आणि दर पायरीला निदान चार आठवडे थांबून, गरज असेल तरच, १५पर्यंत जातं. पहिली पायरी वजन उतरवायला नसतेच, ती शरीराला सवय व्हावी म्हणून असते. ‘महिना झाला, काटा हलेना’ म्हणून स्वतःच पुढच्या पायरीवर उडी मारली की उलट्या ठरलेल्या. आणि इथे आठवड्याचं गणित आठवा. ओसरीवर बसलेला निरोप्या रागावून हाकलता येत नाही. जास्त डोस गेला तर त्रासही दिवसेंदिवस टिकतो, पूर्ण औषध बाहेर पडायला पाचेक आठवडे जातात.

कुपीतून सिरिंजने औषध ओढत असाल तर आणखी एक खड्डा आहे. इन्सुलिनच्या सिरिंजवर ‘युनिट’ असतात, चिठ्ठीवर ‘मिलिग्रॅम’. दोन्ही एक नव्हेत. अमेरिकेत २०२४मध्ये याच गोंधळातून लोकांनी ठरलेल्याच्या ५ ते २० पट सेमाग्लुटाइड टोचून घेतलं आणि काहींना रुग्णालयात न्यावं लागलं, असा इशारा तिथल्या औषध प्रशासनाने दिला होता. पहिलं इंजेक्शन दवाखान्यात, नर्ससमोर, स्वतःच्या हाताने घ्या. पोट, मांडी किंवा दंड, दर आठवड्याला जागा बदलायची.

एखादा डोस राहिला तर? वेगोवीचा पुढचा डोस दोन दिवसांहून लांब असेल तर आठवल्या दिवशी घ्या, नाहीतर तो सोडून द्या. माउंजारोला चार दिवसांची मुभा असते. दोन डोस एकत्र कधीच नाही. गावाला गेलात, आजारी पडलात आणि लागोपाठ दोन-तीन आठवडे चुकले, तर पुन्हा त्याच पायरीवरून सुरू करू नका. डॉक्टर बहुधा खाली उतरवतील.

गोळीची तऱ्हा वेगळीच. रायबेल्सस सकाळी उपाशीपोटी, अर्ध्या कपापेक्षा कमी साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास काही नाही. चहासुद्धा नाही. ही अट ऐकून अर्धे मराठी लोक इंजेक्शन बरं म्हणतील. पण चहासोबत घेतली तर गोळी जवळपास वाया जाते. आपल्याकडे ती मधुमेहासाठी आली, हेही ध्यानात असू द्या.

मळमळ कधी साधी, कधी नाही?

मळमळ, जळजळ, बद्धकोष्ठ, जुलाब, आंबट ढेकर हे नेहमीचे त्रास. जठर सावकाश रिकामं होत असतं. खंडाळ्याच्या घाटात एकच लेन चालू आहे अशी कल्पना करा. त्यात तुम्ही वडापाव, भजी आणि वर लस्सी असे तीन कंटेनर सोडले तर तुंबणारच. म्हणून थोडं-थोडं खाणं, तळलेलं टाळणं, पोट भरल्याची पहिली खूण आली की ताट सारणं आणि जेवून लगेच आडवं न होणं. दारू पचत नाही असं बरेच जण सांगतात, आणि उपाशीपोटी साखरेच्या औषधांसोबत ती घातकच.

बहुतेकांचा त्रास डोस वाढल्यावर उठतो आणि काही आठवड्यांत बसतो. पण काही खुणा घरी बसून पाहण्याच्या नाहीत. वरच्या पोटात जोराची, थांबत नसलेली, पाठीकडे जाणारी कळ आणि उलट्या: स्वादुपिंडाला सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे: पित्ताशयातले खडे. वजन झपाट्याने उतरलं की, औषध असो वा नसो, खडे होण्याचं प्रमाण वाढतंच. उलट्या-जुलाब चालू आहेत आणि लघवी अगदी कमी, गडद झालीय: अंगातलं पाणी आटतंय, त्याने किडनीला इजा होते. आणि एका डोळ्याची नजर अचानक गेली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. डोळ्याच्या नसेला रक्तपुरवठा तुटण्याचा हा प्रकार अतिशय विरळ आहे. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत तो दहा हजारांत एकापर्यंत होऊ शकतो, असं युरोपच्या औषध संस्थेने जून २०२५मध्ये म्हटलं. आकडा छोटा आहे. पण ज्याला माहीत असतं तो वेळेवर पोचतो.

आणखी एक, हे बरेच जण विसरतात. कोणतंही ऑपरेशन, एंडोस्कोपी, दाताचं मोठं काम भूल देऊन होणार असेल, तर भूलतज्ज्ञाला या औषधाचं आधी सांगा. तुम्ही रात्रीपासून उपाशी असलात तरी घाटात कालचं जेवण अडकलेलं असू शकतं, आणि भुलेत ते उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

भूकच नाही, मग जेवायचं कशाला?

माझ्या मते सुरक्षित वापराचा खरा कस इथे लागतो, आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

भूक हा शत्रू नव्हे, ती घरातली कटकटी पण कामाची आजी असते. वेळेवर ताटावर बसवते, पाणी प्यायला लावते, दोन दिवस डाळ झाली नाही तर कुरकुरते. औषधाने तिला गप्प केलं की तिची सगळी कामं तुमच्या अंगावर येतात. आणि लोक नेमकं काय करतात? सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी दोन घास दहीभात, रात्री ‘नकोच वाटतंय’. काटा भराभर उतरतो, घरचे कौतुक करतात, आणि तीन महिन्यांनी केस कंगव्यात येतात, जिना चढताना मांड्या भरून येतात.

कारण उतरतं ते सगळं चरबीचंच नसतं. मोठ्या अभ्यासांत घटलेल्या वजनापैकी साधारण पाव ते दोनपंचमांश भाग चरबीखेरीज होता, आणि त्यात स्नायू येतात. मुळात स्नायूंचं भांडवल कमी असलेल्या आपल्या माणसाला, त्यातही पन्नाशीपुढच्या बाईला, हा तोटा परवडत नाही. खाली मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येतं का, हे दर महिन्याला स्वतःशी बघत जा. वजनकाट्यावर न दिसणारी गोष्ट तिथे दिसते.

स्नायू टिकवायला प्रथिनं लागतात. किडनी ठीक असेल तर वजनाच्या किलोमागे दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास किंवा थोडी जास्त. ७० किलोला ७० ग्रॅम. आता हिशोब करा: एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर कोरड्या डाळीत सात, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. पातळ वरणाच्या वाटीत त्याहून फारच कमी. साबुदाण्याच्या खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं! चारच घास जाणार असतील तर पहिले दोन उसळीचे, अंड्याचे, मासळीचे, पनीरचे असू देत. भात-पोळी शेवटी. शाकाहारी घरात हे जमायला डोकं लावावं लागतं: मोड आलेली मटकी, सोयाबीन, चक्का, पिठल्याला भाकरीएवढाच मान. आहारतज्ज्ञाची एक भेट इथे इंजेक्शनाइतकीच मोलाची ठरते.

दुसरं म्हणजे स्नायूंना काम. नुसतं फिरणं पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजन उचलणं, खुर्चीतून उठबस, भिंतीवर जोर. आणि पाणी, तहान नसली तरी.

फ्रीज, उन्हाळा आणि नकली माल

ही औषधं प्रथिनांसारख्या नाजूक साखळ्या असतात. न वापरलेली २ ते ८ अंश तापमानात ठेवायची, फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठलं की ते फेकायचंच, वितळवून उपयोग नाही. बाहेर ठेवायचं झालं तर ३० अंशांपर्यंत, तेही मोजकेच दिवस. माउंजारोला २१. नागपूर-अकोल्याच्या मेमध्ये ३० अंश घरात सापडणार कुठे? प्रवासात बर्फाला थेट न चिकटवता इन्सुलिनच्या थंड पिशवीत न्या, आणि दिवसभर वीज जाणाऱ्या गावात असाल तर घेतानाच मेडिकलवाल्याशी बोलून एका वेळी महिन्यापुरतंच आणा.

त्यालाच विचारा, कंपनीकडून आलेला माल थंड पेटीतून आला का, आणि बिल घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४मध्ये नकली सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता. ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत ते सापडलं होतं. टेलिग्रामवर ‘पेप्टाइड पावडर’ म्हणून जे विकतात, ते काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पेटंट संपल्यावर येणारी देशी औषधं वेगळी, ती परवाना घेऊन आलेली असतात. स्वस्त म्हणजे नकली, असं समीकरण करू नका.

मग हे आयुष्यभर घ्यायचं का?

हा प्रश्न सगळे शेवटी विचारतात, विचारायला हवा तो सगळ्यांत आधी.

सेमाग्लुटाइडच्या २०२१च्या त्या अभ्यासातल्या काही जणांचं औषध थांबवून पुढचं वर्षभर पाहिलं गेलं. उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आलं. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब वाढला, तर आपण ‘गोळी फसवी निघाली’ म्हणत नाही. लठ्ठपणाचंही तसंच आहे. निरोप्या उठून गेला की कुणकुण परत सुरू होते, आणि उतरलेलं शरीर जुन्या वजनाकडे ओढ घेतं. परत येताना चरबी आधी येते, गेलेले स्नायू आपोआप येत नाहीत. सहा महिने घ्यायचं, सोडायचं, पुढच्या लग्नसराईत पुन्हा घ्यायचं, असं करणाऱ्याच्या अंगात दर फेरीला तोच माल थोडा आणखी खराब होतो.

म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा: किती महिन्यांनी फायदा मोजायचा, न झाल्यास कधी थांबायचं, वजन स्थिरावल्यावर कमी डोसवर राहता येईल का, आणि महिन्याचा खर्च मला दोन-तीन वर्षं झेपणार आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पण मधेच पैसे संपल्याने औषध सुटणं हा आपल्याकडे अगदी शक्य असलेला शेवट आहे.

हा आळशी माणसाचा शॉर्टकट नाही का?

असं म्हणणाऱ्यांना मी चष्म्याबद्दल विचारतो. लांबचं दिसत नाही म्हणून डोळ्यांचा व्यायाम करत बसा, असं आपण कोणाला सांगत नाही. काही शरीरांत भुकेचा निरोप जन्मतःच मोठ्या आवाजात येतो, आणि चार-चार वेळा डाएट करून थकलेल्या माणसाला नैतिकतेचा डोस पाजून काही किलो उतरत नाहीत. पण उलट बाजूचा अतिरेकही मला खटकतो. सुपरमार्केटमधल्या बिस्किटांच्या भिंती, फुटपाथ नसलेले रस्ते, रात्री अकराला घरपोच येणारी बिर्याणी, हे सगळं तसंच ठेवून प्रत्येकाने दर रविवारी पोटात सुई खुपसायची, हे काही सार्वजनिक आरोग्याचं धोरण होऊ शकत नाही.

राहता राहिलं मेव्हण्याचं पेन. सुई बदलली तरी पेन दुसऱ्याने वापरायचं नसतं. टोचताना रक्ताचा सूक्ष्म अंश आत मागे जाऊ शकतो, आणि त्यासोबत कावीळ-एचआयव्हीचे विषाणूही. शिवाय त्याचं पेन बहुधा तिसऱ्या-चौथ्या पायरीचं असणार, आणि तुम्ही जिन्याच्या खाली उभे. हे सांगितल्यावर विचारणाऱ्याने पुढचा प्रश्न टाकला, ‘मग त्या पेनाचं करू काय, फेकून देऊ?’

फेका, पण असंच नको. सुई काढून जाड प्लास्टिकच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात टाका, डब्यावर ‘सुया’ असं मोठ्या अक्षरात लिहा, भरला की चिकटपट्टी लावून ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा, कचरा नेणाऱ्यांच्या हातात द्या. घंटागाडीवरची बाई पिशव्या हातानेच निवडते.